पुढे गेल्या असतील

पडदेवाल्या काकूंच्या लेकीचं आणि तिच्या सासूचं अगदी गूळपीठ होतं, आणि तेच काकूंचं दुखणं होतं.

लोकांच्या लेकी माहेरी फोन करून सासूची गाऱ्हाणी सांगतात. काकूंची लेक फोन करून सासूचं कौतुक सांगायची. 'आईंनी मला पोहायला शिकवलं', 'आईंनी आणि मी मिळून घराला रंग दिला', 'आई म्हणतात तू आता जरा झोप, भांडी मी बघते'. या 'आई' म्हणजे सासूबाई. काकू पलीकडून म्हणायच्या, "वा, नशीब काढलंस बाई." आणि फोन ठेवला की शिलाई मशीनचं पायडल असं दाबायच्या की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आज एखाद्या मोठ्या हॉटेलचे पडदे निघालेत. थोडं कमी पटलं असतं तरी चाललं असतं, असं त्यांना मनातून वाटे. अगदी भांडण नको, पण अधूनमधून लेकीने रडत फोन करावा, इतपत तरी.

नवरा लवकर गेला तेव्हापासून काकूंनी पडदे शिवून ही एकुलती एक पोर वाढवली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या तागांवर ती झोपायची. मोठी झाली, डोळे तपासायचं शिकली, एका चष्म्याच्या दुकानात लागली आणि लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. जावई जहाजावर. वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रावर, आणि घरात सून आणि सासू, दोघीच. विहीणबाई पोहण्याच्या तलावावर मुलींना शिकवायच्या. उन्हाने रापलेला रंग, बारीक कापलेले केस, खांदे पुरुषासारखे आणि आवाज या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा. काकूंना त्यांच्यासमोर नेहमी आपण फार हळू बोलतो असं वाटायचं.

एकदा काकू दुकान बंद करून आठवडाभर लेकीकडे राहायला आल्या, ते मनात मांडे खातच. लेक, आपण, आणि निवांत गप्पा. आल्या आल्या लेक म्हणाली, "आई, रविवारी आपण जुनी बौद्ध मंदिरं बघायला जाऊ. तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानही दाखवतात. गाडी, गाइड सगळं ठरवलंय. तुला मूर्ती बघायला आवडतात ना!"

काकूंना आनंद झाला. "आपण दोघीच?"

"तिघी. आई पण येतायत की."

झालं, दुधात मिठाचा खडा पडला.

रविवारी सकाळी गाडी दाराशी आली. आत एक म्हातारं जोडपं आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं आधीच बसलेलं होतं. गाइड होता मध्यम वयाचा, गवती टोपीवाला, बोलका. दार उघडून तो लेकीला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे बसा. तुमच्या आईंनी कालच फोन करून सांगितलंय, पुढे गचके कमी बसतात."

काकू म्हणाल्या, "मी कुठे फोन केला?"

"या आईंनी," गाइडने विहीणबाईंकडे बोट दाखवलं.

काकूंना वाटलं, पोरीला गाडी लागते म्हणून असेल. पण गाडी लागते हे माहीत असायचा मान आईचा. लहानपणी दर प्रवासात पिशवी घेऊन शेजारी कोण बसायचं? त्या गुमान मागच्या सीटवर बसल्या. विहीणबाई मधल्या बाकावर, लेकीच्या बरोबर मागे. वाटेत लेक मान वळवून काहीतरी म्हणायची आणि विहीणबाई खळखळून हसायच्या. मागे फक्त हसणं पोचायचं. एकदा लेकीने हाक मारली, "आई, पाणी!" काकूंनी पिशवीतली बाटली काढून झाकण उघडेपर्यंत विहीणबाईंची बाटली पुढे पोचलीही होती. काकू मग स्वतःच घोटभर पाणी प्यायल्या. तहान नव्हती.

मंदिरं एका मोठ्या माळावर विखुरलेली होती. लाल विटांची, काही कळसापर्यंत शाबूत, काहींच्या माथ्यावर गवत उगवलेलं. गाइड सांगत होता, कुठल्या राजाने कुठलं बांधलं, कुठल्या भूकंपात कुठलं पडलं, भिक्खू कुठे राहायचे. काकूंनी एका दारापाशी उभ्या असलेल्या बुद्धमूर्तीच्या चिवराला हळूच हात लावला. दगडात कोरलेल्या चुण्या खांद्यावरून खाली इतक्या अलगद उतरल्या होत्या की कापडच वाटावं. वर दाट, खाली जाताना मोकळ्या. काकूंनी उत्साहाने मागे वळून हाक मारली, "अगं, इकडे ये, हे बघ!"

लेक मागे नव्हती. दूर एका झाडाच्या सावलीत ती विहीणबाईंच्या खांद्याला धरून चपलेतला खडा काढत होती.

सगळ्यात मोठ्या मंदिरात वरच्या गाभाऱ्याकडे जायला भिंतीच्या पोटातून जिना होता, अरुंद, अंधारा, पायऱ्या उंच. सगळे चपला काढू लागले. लेकही वाकली, तसा गाइड घाईने म्हणाला, "ताई, तुम्ही नका चढू. अशा दिवसांत हा जिना बरा नाही. मागच्या महिन्यात एक बाई घसरल्या इथे. तुम्ही खाली बसा निवांत."

काकूंची एक चप्पल पायात होती, एक हातात.

अशा दिवसांत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. विहीणबाईंनी पटकन दुसरीकडे पाहिलं, जणू त्यांना विटांची रचना फारच आवडली होती. आणि सकाळपासूनचं सगळं काकूंच्या ध्यानात आलं. पुढची सीट, कालचा फोन, पाण्याची बाटली. गाडीवाल्याला माहीत, गवती टोपीवाल्याला माहीत, बहुधा त्या म्हाताऱ्या जोडप्यालाही माहीत. माहीत नाही ते फक्त जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिला.

"तुम्ही येताय ना, मावशी?" गाइडने विचारलं.

"येते," काकू म्हणाल्या, आणि गुडघे दुखत असून सगळ्यांच्या पुढे चढल्या.

वरच्या गाभाऱ्यात ध्यानस्थ बुद्धांची मोठी मूर्ती होती. सोन्याचा मुलामा जागोजागी उडालेला, पण चेहरा तसाच, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठांवर जेमतेम हसू. म्हातारी बाई हात जोडून डोळे मिटून उभी राहिली. नवी नवरी फोटो काढायचं विसरली. काकूंनीही हात जोडले, पण मन काही थाऱ्यावर येईना. बाबा रे, त्या मनात म्हणाल्या, तू घरदारच सोडून निघालास. इथे विहिणीशी गाठ आहे.

गाभाऱ्याला एक झरोका होता. त्यातून खाली पाहिलं तर झाडाखालच्या ओट्यावर त्या दोघी दिसत होत्या. लेक रडत होती की काय कोण जाणे, पण विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो रापलेला, रुंद पंजा पोरीच्या पाठीवरून वरखाली होत होता. काकूंच्या काळजात अशी कळ गेली की त्यांनी भिंतीला हात टेकला.

जेवायला गाडी एका बागेत थांबली. डब्यात पाव, उकडलेली अंडी, केळी असं काहीबाही होतं. काकूंनी अंडं सोलायला घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "कळलं मला."

लेक म्हणाली, "आई, मी आज संध्याकाळी सांगणार होते. शपथ."

"यांना कधी सांगितलंस?"

विहीणबाई उठल्या. "मी चहा मिळतो का बघते," म्हणाल्या आणि गेल्या. तेवढं शहाणपणही त्यांना होतं, याचाही काकूंना राग आला.

"मी परकी झाले का गं?" काकूंचा आवाज चिरकला. "बाहेरच्या माणसाकडून कळावं मला?"

"आई, मागच्या वेळी सगळ्यात आधी तुलाच सांगितलं होतं."

हे खरं होतं. मागच्या वेळी लेकीने पहिला फोन काकूंना केला होता. काकूंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, दुकानातल्या उरलेल्या मऊ कापडाची झबली शिवली, दुपट्यांना किनारी लावल्या. आणि मग ते राहिलं नाही. काकू धावत आल्या होत्या. पोरीच्या उशाशी बसून रडल्या होत्या, दिवसरात्र.

"तू इतकी रडलीस ना," लेक हळू आवाजात म्हणाली, "की मला माझं रडायला जागाच उरली नाही. मीच तुला पाणी देत होते, तुझी समजूत काढत होते. आईंनी नुसती चादर बदलली आणि खुर्ची ओढून बसल्या. काही बोलल्या नाहीत. म्हणून या वेळी... मला भीती वाटते गं अजून. तू खूश झालीस की मला जास्त भीती वाटते."

काकूंच्या हातातलं अंडं अर्धं सोलून तसंच राहिलं. लेक खोटं बोलत नव्हती. पण खरं ऐकलं म्हणून जळणं कमी होतं असं थोडंच आहे? उलट आता कारण मिळालं होतं. आपण रडलो ते चुकलं आणि ती गप्प बसली ते बरोबर! पोहायला शिकवणाऱ्या बाईला रडायची सवय नसेल, त्यात तिचं काय मोठं? असं म्हणत म्हणत त्या गाडीत बसल्या आणि उद्यान येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

उद्यानात मोठं तळं होतं. काठाच्या दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट केलेली होती. दोन्ही बाजूंना कंबरभर गवत, मधूनच बगळे, लांबवर हरणांचा कळप. एके ठिकाणी वाटेला फाटा होता. डावीकडची वाट तळ्यात आत जात होती, पण तिच्यावर दोरी बांधून 'वाट बंद' अशी पाटी लटकवली होती. गाइडने बजावलं, "तिकडच्या फळ्या कुजल्यात. आपण उजवीकडून जाऊ आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडू. गाडी तिथेच येईल."

लेक पुढे त्या म्हाताऱ्या बाईच्या जोडीने चालली होती. काकू सगळ्यात मागे रेंगाळत होत्या. मनातली भांडणं करायला मागे राहणं सोयीचं पडतं. तेवढ्यात "विहीणबाई!" अशी दबकी हाक आली. बघतात तर विहीणबाई दोरीखालून वाकून पलीकडे गेलेल्या.

"पाणमांजरं!" त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "अहो, पिल्लांसकट! काय पोहतात बघा! येता?"

काकूंनी मान हलवली.

"मग मी दोन मिनिटांत आलेच. त्यांना सांगा थांबायला." आणि त्या गवताआड दिसेनाशा झाल्या.

काकू पुढे आल्या. गाइड वळणावर उभा राहून माणसं मोजत होता. "त्या पोहणाऱ्या मावशी कुठायत?"

आता सांगायचं एवढंच होतं की त्या तिकडे गेल्यात, थांबा. जिभेवर आलंही होतं. पण समोर लेक एकटी उभी होती. त्या दिवसात पहिल्यांदाच एकटी.

"पुढे गेल्या असतील," काकू म्हणाल्या.

गाइडने मान डोलावली. विहीणबाईंची चाल झपाझप होती, त्यामुळे ते खरं वाटण्यासारखंच होतं. काकू लेकीजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. लेकीने हात काढून घेतला नाही. उलट जरा भार टाकला. दोघी तशाच चालत राहिल्या. एक हरीण अगदी जवळ येऊन उभं राहिलं, कान हलवून पळालं, आणि लेक हसली. तो सगळा रस्ता काकूंना इतका गोड वाटला की संपूच नये. मागे एकदा कुणी हाक मारल्यासारखं वाटलं. काकू म्हणाल्या, "पक्षी ओरडला." आणि तो पक्षीच असेल असं त्यांनी स्वतःलाही पटवलं.

फाटकापाशी गाडी उभी होती. गाडीत विहीणबाई नव्हत्या. फोन लावला तर लागेना.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आई कुठायत? पुढे गेल्या होत्या ना?" ती वळली आणि आल्या वाटेने जवळजवळ पळतच निघाली.

काकूंचा जीव खालीवर झाला. ही अशी पळाली आणि काही झालं तर? त्यांनी धावत जाऊन तिचा दंड धरला. "तू थांब! तू हलायचं नाहीस. मला माहितीये त्या कुठायत. त्या बंद वाटेने गेल्या."

गाइड म्हणाला, "पण मावशी, तुम्ही तर—"

"चला आधी!" काकू ओरडल्या. आयुष्यात त्या एवढ्या मोठ्याने कधी ओरडल्या नव्हत्या.

फाटकावरचा वनरक्षक, गाइड आणि काकू असे तिघे निघाले. काकूंच्या गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. केली असेल तर त्यांना ऐकू आली नाही. आत्ता डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, ते काळं पाणी. पोहणारी बाई आहे, त्या मनाशी म्हणत होत्या, पोहणाऱ्या बाईला काय होतंय. पण दलदलीत कुणाला पोहता येतं?

दोरीपलीकडे बरंच आत विहीणबाई सापडल्या. कुजलेली फळी मोडून उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला होता आणि तुटक्या लाकडात अडकून बसला होता. ओरडून ओरडून तो खणखणीत आवाज बसला होता. फोन पाण्यात गेला होता. त्यांनी आधी वनरक्षकाला पाहिलं, मग गाइडला, मग काकूंना.

"आलात होय," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

वनरक्षकाने फळी कापून पाय सोडवला. घोटा टम्म सुजला होता, मांडी खरचटून रक्त आलं होतं. काकूंनी आपली ओढणी फाडली आणि पट्टी बांधली. कापड हातात आलं तसे त्यांचे हात आपोआप कामाला लागले. मग एका बाजूने गाइड, दुसऱ्या बाजूने काकू, असे ते विहीणबाईंना घेऊन निघाले. तो रुंद, जड हात आता काकूंच्या खांद्यावर होता.

"विहीणबाई, मी—" काकूंनी सुरुवात केली.

"श्वास वाचवा," विहीणबाई बसक्या आवाजात म्हणाल्या. "माझं वजन कमी नाहीये."

लेक फाटकात उभी होती. सासूला बघून तिला रडूच फुटलं. "आई, कुणाला सांगून तरी जायचं! मला केवढी भीती वाटली!"

विहीणबाईंनी एकवार काकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं. पाणमांजरं दिसली आणि गेले वेड्यासारखी. कुणाला सांगायचं सुचलंच नाही बघ."

सुटले, असं काकूंना क्षणभर वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी अंगाची लाही लाही झाली. लेकीने सासूला मिठी मारली होती. म्हणजे हेही हिचंच! पाय हिचा मोडायचा, मोठेपणा हिचा, मिठीही हिला, आणि वर आपल्यावर उपकार. जन्मभर हे उपकार उरावर घेऊन या बाईला 'कशा आहात' विचारायचं? काकूंना ते सोसवेना.

"खोटं बोलतायत त्या," काकू म्हणाल्या. "मला सांगून गेल्या होत्या. थांबायला सांगा म्हणाल्या. मी नाही सांगितलं. पुढे गेल्या असतील म्हणून मीच सांगितलं."

लेक बघत राहिली. तिने 'का' असं विचारलंही नाही. डोळे पुसले, गाडीपाशी गेली आणि आत जाऊन बसली.

विहीणबाई म्हणाल्या, "मी झाकलं होतं ना? कशाला उघडं केलंत?"

"तुम्ही झाकलंत म्हणूनच," काकू फणकारल्या.

विहीणबाई आधी चकित झाल्या, मग हसायला लागल्या. हसताना पाय हलला तशा कळवळल्या, आणि तरी हसतच राहिल्या. "अशा मुली असतात हो आमच्याकडे तलावावर. नाकातोंडात पाणी जाईल, पण दुसरीने दिलेला हात धरायच्या नाहीत." मग हसू आवरून म्हणाल्या, "पण घाबरले होते मी तिथे. खूप घाबरले होते. हे तुम्हाला सांगून ठेवते."

काकूंनी मान खाली घातली. "मला माफी मागता येत नाही नीट," त्या पुटपुटल्या. "पण मागते."

"बघू," विहीणबाई म्हणाल्या. "पाय बरा झाला की सांगेन, दिली की नाही ते."

मधल्या बाकावर पाय पसरून विहीणबाईंना बसवलं, आणि ज्यांची जागा गेली ते म्हातारे आजोबा पुढे गेले. त्यामुळे लेकीला मागे, काकूंच्या शेजारी यावं लागलं. बाहेर माळ, मग शेतं, मग शहराची पहिली घरं दिसू लागली.

"मी रागावलेय तुझ्यावर," ती शेवटी म्हणाली. "उद्याही रागावलेली असेन."

"अस," काकू म्हणाल्या. "मी आहे शनिवारपर्यंत."

मग लेक खिडकीकडे बघतच म्हणाली, "परवा तपासणी आहे माझी. पडद्यावर दाखवतात, बाळाचे ठोके ऐकवतात. आत एकालाच सोडतात बरोबर." ती थांबली. "आई येणार होत्या. आता त्यांच्याने काही चालवणार नाही."

शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं, असं काहीसं काकूंच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. कुणाचा पाय मोडून मिळालेली जागा ती! पण आनंद काही लाजेने थांबला नाही. तो वर येतच राहिला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे भरून येत होते तेही आतल्या आत परतवले. आत पडद्यासमोर काहीही दिसलं तरी रडायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

"येशील?" लेकीने विचारलं.

"येईन," काकू म्हणाल्या, शक्य तितक्या साध्या आवाजात.

मधल्या बाकावरून, डोळे मिटूनच, विहीणबाईंचा बसका आवाज आला, "कुबडीचा बंदोबस्त झाला तर मीही येईन हं. बाहेर बसेन, पण येईन."

काकूंच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखलं.

"या की," त्या म्हणाल्या. "रिक्षात तिघींची जागा होते."